कोकरांच्या खुराकातील प्रथिने : भाव पोत्याचा की प्रथिनांचा?

मांसासाठी नर कोकरे पोसण्याचा जोडधंदा अवर्षणप्रवण तालुक्यांतील अनेक लहान शेतकऱ्यांनी पत्करला आहे. तीन महिन्यांची, आईपासून तोडलेली दहा-वीस कोकरे बाजारातून आणावयाची, तीन-साडेतीन महिने गोठ्यात बांधून खाऊ घालावयाचे आणि बकरी ईदच्या किंवा जत्रांच्या हंगामात विकावयाची, असा हा व्यवहार. कोकरांच्या खरेदीखालोखाल यातील मोठा खर्च खुराकाचा, आणि खुराकात सर्वांत महाग वस्तू पेंड. सबब "कोकरांना पेंड कोणती घालावी?" हा प्रश्न शेतकऱ्यांच्या बहुतेक मेळाव्यांत निघतो. त्याचे उत्तरही आता ठरून गेल्यासारखे आहे. शेंगदाणा पेंड घालावी, ती परवडत नसेल तर सरकी पेंड घालावी, असे जुने जाणते मेंढपाळ सांगतात. आम्ही विस्तार कार्यकर्तेही वर्षानुवर्षे थोड्याफार फरकाने तेच सांगत आलो आहोत.

हे उत्तर आता बदलावयास हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. शेंगदाणा पेंड वाईट आहे असे मुळीच नाही. परंतु हा प्रश्नच अर्ध्या वाटेवरून सुरू होतो. पेंड ही विकत घ्यावयाची वस्तू. ती घेण्याआधी आपल्या खळ्यावर आणि बांधावर प्रथिने कोठे पडून आहेत ते पाहिले पाहिजे, आणि पेंड घ्यावयाचीच झाली तर पोत्याचा भाव न विचारता त्यातील प्रथिनांचा भाव विचारला पाहिजे.

प्रथम गरज किती, हे पाहू. पंधरा किलो वजनाचे दख्खनी कोकरू दिवसाकाठी सुमारे ६०० ग्रॅम कोरडा खाद्यांश खाते. ते झपाट्याने वाढावयाचे तर या खाद्यात शेकडा १४ भाग तरी प्रथिने हवीत. म्हणजे रोजची ८४ ग्रॅम झाली. आता पुष्कळ ठिकाणी घातला जाणारा खुराक घ्या : ३०० ग्रॅम ज्वारीचा कडबा आणि ३०० ग्रॅम मक्याचा भरडा. कडब्यात प्रथिने शेकडा साडेतीनच्या आसपास, म्हणून त्यातून मिळाली १० ग्रॅम. मक्यात शेकडा ९, त्यातून २७ ग्रॅम. एकूण ३७ ग्रॅम. निम्मीदेखील गरज भागली नाही. असे कोकरू पोट भरून खाते, पण अंगी लागत नाही. मग धनी म्हणतो, "जातच खोटी निघाली." जात बिचारी निर्दोष असते. उणीव आहे ती ४७ ग्रॅम प्रथिनांची.

ही उणीव भरून काढण्यासाठी मक्याचा काही भाग कमी करून तेथे पेंड घालावी लागते. शेंगदाणा पेंडीत प्रथिने शेकडा ४२ धरली तर सुमारे १४० ग्रॅम पेंड घालून काम भागते. तेल पूर्णपणे काढलेल्या सोयाबीन पेंडीत ती शेकडा ४५ असतात, तेथे १३० ग्रॅम पुरते. आता सरकी पेंड पाहा. विदर्भात जिला ढेप म्हणतात ती टरफलासह गाळलेली सरकी पेंड शेकडा २२ प्रथिनांची असते. तीनशेच्या तीनशे ग्रॅम मका काढून टाकला आणि सगळी सरकी पेंड घातली, तरी तिच्यातून ६६ आणि कडब्यातून १० मिळून ७६ ग्रॅमच होतात. म्हणजे कडबा आणि सरकी पेंड एवढ्यावर हे गणित जुळतच नाही. दुभत्या म्हशीला जी ढेप उत्तम मानवते, तीच लहान कोकराला एकटीने पुरत नाही, याचे कारण हेच. म्हशीचे पोट मोठे आणि तिच्या खाद्यात प्रथिनांचा टक्का कमी चालतो. कोकराचे पोट लहान आणि गरज मोठी. म्हणून त्याच्या गव्हाणीत सकस, आटोपशीर वस्तू हवी.

आता भावाचे पाहू. पुढील भाव केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी धरले आहेत. वाचकांनी त्यांच्या जागी आपल्या बाजारचे त्या दिवशीचे भाव घालावेत. समजा, किलोला शेंगदाणा पेंड ५० रुपये, सोयाबीन पेंड ४० रुपये, सरकी पेंड ३४ रुपये आहे. पोते पाहिले तर सरकी सर्वांत स्वस्त. पण भावाला प्रथिनांच्या टक्क्याने भागले, तर एक किलो प्रथिने शेंगदाणा पेंडीतून ११९ रुपयांना, सोयाबीन पेंडीतून ८९ रुपयांना आणि सरकी पेंडीतून १५५ रुपयांना पडतात. स्वस्त पोते सर्वांत महाग ठरले.

तथापि हा हिशेबही पुरता न्याय्य नाही, आणि येथे आपल्यापैकी पुष्कळजण थांबतात म्हणून थोडे पुढे जातो. पेंडीतून नुसती प्रथिने मिळत नाहीत, शक्तीही मिळते. पेंड घातली की तेवढा मका वाचतो. तेव्हा पेंडीच्या भावातून मक्याचा भाव वजा करावा, पेंडीच्या प्रथिनांतून मक्याची प्रथिने वजा करावीत, आणि मग भागाकार करावा. मका २४ रुपये धरला तर वाढीव प्रथिनांचा किलोमागे खर्च शेंगदाणा पेंडीला ७९ रुपये, सरकीला ७७ आणि सोयाबीनला ४४ येतो. सरकीची बाजू या हिशेबाने थोडी सावरली, हे मान्य केले पाहिजे. आणि या रीतीने तूर चुनीचा हिशेब केला तर मोठी गंमत दिसते. चुनीत प्रथिने शेकडा १६ आणि भाव समजा २६ रुपये. मक्याहून दोनच रुपये जास्त मोजून शेकडा सात भाग प्रथिने जास्त मिळतात, म्हणजे किलोला २९ रुपयेच पडले. चुनीची शक्ती मक्याइतकी नसते, म्हणून तिच्यावरच सगळा भार टाकता येत नाही. परंतु लातूर, अकोला यांसारख्या डाळ गिरण्यांच्या गावांच्या आसपास राहणाऱ्याने चुनी सोडून पेंडीच्या मागे धावावे, हे मला समजत नाही.

मग शेंगदाणा पेंडीचा एवढा मान का? एका बाजारात एका वृद्ध मेंढपाळाने पेंडीचा तुकडा बोटांत चुरगाळून मला म्हटले, "साहेब, हाताला तेल लावते ती पेंड खरी." त्यांच्या काळात ही पारख चुकीची नव्हती. घाणीची पेंड ताजी आहे, तिच्यात भेसळ नाही, हे तेलावरून आणि वासावरून कळत असे. परंतु तेल म्हणजे प्रथिने नव्हेत. किंबहुना पेंडीत तेल जितके अधिक राहिले तितका प्रथिनांचा टक्का कमी होतो. शिवाय रवंथ करणाऱ्या जनावराच्या खाद्यात तेल फार झाले तर वैरणीचे पचन मंदावते. सोयाबीनची तेल काढलेली पेंड हाताला कोरडी, भुशासारखी लागते, म्हणून ती "सत्त्व काढून घेतलेली" वाटते. काढून घेतले आहे ते तेल. प्रथिने जागच्या जागी आहेत.

याहून महत्त्वाची गोष्ट कोकराच्या पोटात घडते. मेंढीच्या कोठीपोटात असंख्य सूक्ष्मजंतू असतात. खाल्लेल्या प्रथिनांचा मोठा भाग ते फोडतात, त्यातून अमोनिया निघतो, आणि त्या नत्रावर सूक्ष्मजंतू स्वतःची वाढ करून घेतात. पुढे हेच सूक्ष्मजंतू खऱ्या जठरात पचून मेंढीला प्रथिने पुरवितात. परंतु त्याच वेळी मक्यासारख्या धान्याची शक्ती पोटात नसेल, तर अमोनिया वाया जातो. तो रक्तात जातो, यकृतात त्याचा युरिया बनतो आणि मूत्रावाटे बाहेर पडतो. पेंडीचे पैसे गोठ्याच्या जमिनीत मुरतात. शेंगदाणा पेंडीतील प्रथिनांचा ढोबळ मानाने तीन-चतुर्थांश भाग असा कोठीपोटातच फुटतो. सोयाबीन पेंडीत हे प्रमाण काहीसे कमी, आणि सरकी पेंडीत त्याहून कमी. न फुटता पुढे सरकणारा हा भाग थेट आतड्यात पचतो, आणि वाढत्या कोकराला त्याचीच चणचण असते. केवळ सूक्ष्मजंतूंच्या प्रथिनांवर त्याची पुरती वाढ होत नाही. म्हणून सरकी पेंड एकटी अपुरी असली तरी सोयाबीनच्या जोडीला थोडी घालणे शहाणपणाचे. दोन-तीन वस्तू मिसळून घातलेला खुराक एकाच उत्तम वस्तूपेक्षा सरस का ठरतो, त्याचे एक कारण येथे आहे.

बुरशीविषयी मात्र सविस्तर सांगावयास हवे. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की जातीच्या लाखाहून अधिक पक्ष्यांची पिले थोड्या महिन्यांत मेली. कारण उमगेना म्हणून रोगाला "टर्की एक्स" असे नाव पडले. शोध घेता घेता तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोहोचला. पेंडीवर वाढलेल्या ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने तयार केलेले विष त्याला कारण होते, आणि त्या बुरशीच्या नावावरूनच विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. मेंढरू पक्ष्यापेक्षा पुष्कळ कणखर, हे खरे. पण कोवळी कोकरे तितकी कणखर नसतात, आणि विषाचा परिणाम नेहमी मरणातच दिसतो असे नाही. यकृत खराब होते, भूक मंदावते, वाढ खुंटते. हे विष शिजवून वा उन्हात घालून खात्रीने नाहीसे होत नाही. मका आणि सरकी यांनाही ही बुरशी लागते. तथापि शेंगदाण्याशी तिचे विशेष सख्य आहे. पावसाळ्यात ओलसर कोपऱ्यात, जमिनीवर थप्पी लावून ठेवलेली पेंड हे तिचे माहेरघर समजावे. पोती फळ्यांवर ठेवावीत, भिंतीपासून दूर ठेवावीत, आणि महिन्याभराला पुरेल त्याहून अधिक साठा पावसाळ्यात करू नये. कुबट वासाची, हिरवट-पिवळट जाळी धरलेली पेंड चांगल्या पेंडीत मिसळून "खपवून टाकण्याची" सवय तर सर्वस्वी सोडावी. गावच्या घाण्यावरची ताजी शेंगदाणा पेंड वाजवी भावात मिळत असेल, त्याने ती खुशाल घालावी. माझा विरोध पेंडीला नाही, दूरच्या गोदामातील जुन्या मालाला केवळ नावासाठी जास्त पैसे मोजण्याला आहे.

सोयाबीनचा पुरस्कार करताना एक इशारा देणे कर्तव्य आहे. मध्य प्रदेश व महाराष्ट्र ही देशातील सोयाबीनची दोन मोठी राज्ये. मराठवाड्यात आणि विदर्भात ते घरोघरी असते. त्यामुळे पेंड विकत आणण्याऐवजी घरचे कच्चे दाणे भरडून घालण्याचा मोह होतो. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारे घटक असतात आणि तेलही शेकडा अठरा-वीस असते. त्याने कोकरे फुगतात, हगवणीला लागतात. कारखान्यात पेंडीला जी योग्य उष्णता मिळते तिने हे दोष बहुतांशी जातात. आणखी एक गोष्ट : कच्च्या सोयाबीनमध्ये युरियाचे विघटन करणारे द्रव्य असते. सबब युरिया घातलेल्या खाद्यात कच्चे सोयाबीन कधीही मिसळू नये.

युरियाचा विषय निघालाच आहे, तर त्याबद्दलही मत देतो. युरियात शेकडा ४६ भाग नत्र असते. प्रथिनांचा आकडा नत्राला सव्वासहाने गुणून काढतात, म्हणून कागदावर एक किलो युरियाची प्रथिने २८७ टक्के भरतात! मोठ्या जनावरांच्या वैरणीवर युरियाची प्रक्रिया करण्याची रीत उपयोगी आहे. पण नुकत्याच तोडलेल्या कोकरांच्या गव्हाणीपासून युरिया दूर ठेवावा, असेच मी म्हणेन. त्यांचे कोठीपोट अजून पुरते तयार झालेले नसते आणि मिसळण्यात चूक झाली तर तासाभरात कोकरू दगावते. याच गुणाकाराचा गैरफायदा भेसळ करणारेही घेतात. पेंडीत भुसा आणि माती मिसळावयाची, वर मूठभर युरिया टाकावयाचा, आणि तपासणीत प्रथिने बरोबर भरली म्हणून दाखवावयाची. म्हणून जो अनेक कोकरांसाठी पेंड घेतो त्याने नमुना तपासून घेताना केवळ प्रथिनांचा आकडा मागू नये. युरिया आहे काय आणि वाळू-माती किती आहे, हेही विचारावे. एरंडी, करंज, कडुलिंब यांच्या पेंडी खतासाठी आहेत. भाव कमी म्हणून त्यांच्याकडे पाहूही नये. एरंडीची पेंड तर जहरी असते.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. वरच्या गणितात कडब्याच्या जागी भुईमुगाचा वाळलेला पाला घालून पाहा. चांगल्या वाळविलेल्या पाल्यात प्रथिने शेकडा दहाच्या घरात असतात. ३०० ग्रॅम पाल्यातून ३० ग्रॅम मिळाली, म्हणजे कडब्याहून २० जास्त. एवढ्याने दर कोकरामागे रोज ६० ग्रॅम शेंगदाणा पेंड वाचली. वीस कोकरे, नव्वद दिवस, म्हणजे १०८ किलो पेंड. त्यासाठी पाला लागला ५४० किलो. हा पाला आपण काय करतो? पुष्कळ ठिकाणी काढणीनंतर तो शेतातच पसरून राहतो, परतीच्या पावसात भिजून काळा पडतो आणि मग खत म्हणून जातो. शेंगा तोडल्यावर दोन दिवस सावलीच्या बाजूला पसरून, पाने न झडता वाळविला आणि छपराखाली ठेवला, तर तीच पेंड आहे. तुरीचे झोडपल्यानंतरचे पान आणि शेंगांची टरफले यांनाही हेच लागू. बांधावर शेवरी आणि हदगा असतील तर त्यांच्या पाल्यात प्रथिने शेकडा वीसच्या आसपास भरतात. पाण्याची थोडी सोय असलेल्याने चार गुंठे लसूणघास केला, तर अर्धा किलो हिरवा घास कोकरामागे रोज ५० ग्रॅम पेंड वाचवितो. सुबाभूळही चांगली, परंतु तिच्यात मिमोसिन नावाचे द्रव्य असते. चाऱ्याचा तिसरा हिस्सा ओलांडून ती घातली तर मेंढरांची लोकर गळू लागते.

हे सर्व जमेस धरून मी सुचवितो तो खुराक असा : मक्याचा भरडा ४५ भाग, सोयाबीन पेंड १८, तूर चुनी १५, सरकी पेंड १२, गव्हाचा कोंडा ६, खनिज मिश्रण २, चुनखडीची पूड १ आणि मीठ १. यात प्रथिने शेकडा १८ पडतात. ३०० ग्रॅम खुराकातून ५४ आणि तेवढ्याच भुईमुगाच्या पाल्यातून ३० ग्रॅम, अशी ८४ ची बेरीज पुरी होते. पाल्याऐवजी कडबा घातला तर ती ६४ वर थांबते. म्हणजे खुराकाचे सूत्र कितीही चांगले असो, त्याच्या शेजारी वैरण कोणती पडते यावर ते ठरते. कोकरू वाढेल तसे खाणे वाढेल आणि प्रथिनांचा टक्का थोडा उतरविता येईल. चुनखडी विसरू नये. कोंडा आणि पेंडी यांत स्फुरद फार आणि चुना कमी, त्यामुळे नर कोकरांना मुतखडा होऊन लघवी अडते, आणि विक्रीच्या ऐन तोंडावर सर्वांत धष्टपुष्ट कोकरू जाते. तसेच खुराक पहिल्याच दिवशी पुरा घालू नये. दहा-बारा दिवसांत चढवीत न्यावा, आणि त्याआधी आंत्रविषाराची लस टोचून घ्यावी. एकाएकी धान्य पडले की हाच रोग रातोरात कोकरे नेतो.

एक योगायोग येथे नोंदविण्यासारखा आहे. बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येते. २०२५ साली ती ७ जूनला होती. येत्या काही वर्षांत ती मे आणि मग एप्रिलमध्ये सरकेल. त्याआधीचे तीन महिने म्हणजे हिवाळ्याचा शेवट आणि उन्हाळ्याचा आरंभ, जेव्हा खरिपाचा पाला आणि तुरीचे भुसकट घरात नवे असते. जून-जुलैच्या ईदेसाठी कोकरे ऐन उन्हाळ्यात पोसावी लागत, तेव्हा विकतच्या पेंडीला पर्याय कमी होता. आता तो आहे.

राहिला प्रश्न भटक्या मेंढपाळाचा. वरचे सगळे गणित ज्याच्याकडे गोठा आणि खळे आहे त्याचे झाले. ज्याच्या मेंढ्या ही कोकरे जन्माला घालतात, तो धनगर बंधू मात्र बारा-चौदा किलोचे कोकरू विकून मोकळा होतो, आणि पोसणीचा नफा दुसऱ्याच्या दारी जातो. "आमच्याकडे कुठला पाला न् कुठली पेंड?" असे तो म्हणतो, आणि ते खोटे नाही. तरीपण त्याच्या हाती एक वस्तू आहे, तिचा विचार व्हावा. शेतात मेंढरे बसविण्याबद्दल शेतकरी त्याला धान्य किंवा रोकड देतो. जेथे भुईमूग वा तूर पिकते तेथे या मोबदल्याचा काही भाग वाळल्या पाल्याच्या रूपाने ठरवून घ्यावा. वाड्यावरची म्हातारी माणसे, लहान मुले जेथे मुक्कामाला असतात तेथे तो साठवावा, आणि कळपातील निवडक पाच-सहा नर कोकरे न विकता तेथे बांधावीत. शेतकऱ्याला पाल्याची किंमत आज फारशी वाटत नाही, म्हणून हा सौदा आजच स्वस्तात होईल. पाल्यात पेंड आहे हे त्याला कळल्यावर तो तितका सोपा राहणार नाही.